रंग नंतर, आधी पिन

(ऊस हंगामापूर्वीच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



उसाचा भाव, काटामारी, थकलेली बिले हे विषय आज सकाळपासून झाले. ते आपले नेहमीचे भांडण आहे आणि ते चालूच राहणार. आता थोडा वेळ आम्ही एका लोखंडाच्या तुकड्याबद्दल बोलणार आहोत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन. वीतभर लांबीची, अंगठ्याहून थोडी जाड. आपला वर्षभराचा ऊस, ड्रायव्हर पोरगा आणि मागून मोटारसायकलवर येणारा परका माणूस, या सगळ्यांचा जीव तिच्यावर टांगलेला असतो.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात. त्याआधी बांधावर पावसाळा काढलेल्या जुन्या ट्रॉल्या बाहेर निघतात. मालक काय करतो? फुटका पत्रा बदलतो, फाळके ठोकून घेतो, झगझगीत रंग देतो आणि मागे 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतो. रंगाला आणि आशीर्वादाला आमची हरकत नाही. पण रंगाखाली तडा झाकला जातो. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे : रंग शेवटी. दुरुस्ती हुकापासून सुरू करा आणि मागे जा.

जरा हिशोब करू. ट्रॉलीत १० टन ऊस आणि ट्रॉलीचे वजन २ टन, असे १२ टन धरा. २० फुटाला १ फूट असा साधा चढ लागला, तर नुसत्या चढापायी पिनेवर ६०० किलोची ओढ येते. मागे तशीच दुसरी ट्रॉली असेल तर पहिल्या पिनेवर १२०० किलो. रस्त्याचा रेटा वेगळा. आणि कडीचे भोक झिजून मोठे झाले असेल तर ही ओढ सरळ येत नाही, हिसक्याने येते. हातोडा टेकवणे आणि हातोडा मारणे यात जो फरक, तोच ओढीत आणि हिसक्यात.

आता पिन झिजली म्हणजे काय होते ते पाहा. ३० मिलिमीटरची पिन झिजून २४ ची झाली. माणूस म्हणतो, अजून बक्कळ जाड आहे. पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने कमी होते. जाडी पाचव्या हिश्शाने कमी झाली की ताकद जवळजवळ निम्मी होते. डोळ्याला पिन दिसते, तिच्यातली ताकद दिसत नाही. म्हणून पिन मोजायची. पिनेचा जो भाग कधी घासलाच नाही तिथे एकदा आणि जिथे चर पडला आहे तिथे एकदा व्हर्नियर लावा. व्हर्नियर कोणत्याही लेथवाल्याकडे मिळतो. दहावा हिस्सा झिजला असेल तर पिन बदला, हा आमचा सरळ नियम. पिन वाकलेली असेल तर मोजत बसू नका, भंगारात टाका. ठोकून सरळ केलेली पिन पुन्हा तिथेच वाकते किंवा तुटते. पिनेच्या जागी बांधकामाची सळई किंवा आटे पाडलेला बोल्ट घालायचा नाही. बोल्ट आट्याच्या खाचेतून तुटतो. आणि पिनेला खालून लॉक हवेच. लॉक हरवले म्हणून तार गुंडाळणारे महाभाग गावोगाव आहेत. तार चार खेपा टिकते. पाचव्या खेपेला खड्ड्यात पिन उडते.

पिनेनंतर दांड्याच्या टोकाची कडी. भोक गोल आहे की लांबट झाले आहे? लांबट भोकात वेल्डिंगचा भरणा करून ते पुन्हा गोल करायची आपल्याकडे चाल आहे. तसे करू नका. कडी कापून नवीन बसवा. नंतर कडी दांड्याला आणि दांडा चासीला जिथे जोडला आहे तिथले जोड पाहा. जुना रंग आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा. त्या जागेवर डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि वरून खडू फासा. तडा असेल तर आत शिरलेले डिझेल खडूवर काळी रेघ उमटवते. याला ना यंत्र लागते ना इंजिनिअर. तडा सापडला तर नुसती वरून वेल्डिंगची रेघ ओढून भागत नाही. तडा ग्राइंडरने मुळापर्यंत उघडून मग भरावा लागतो. चासीच तडकली असेल तर पट्टी मारण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवा.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूकही असाच तपासायचा. चारचाकी ट्रॉलीला पुढे टर्न टेबल असते. त्याचे बोल्ट आणि दांड्याच्या बिजागरीच्या पिना विसरू नका. दोनचाकी ट्रॉलीचे गणित वेगळे. तिचा काही भार हुकावर टेकतो. ऊस सगळा मागे रचला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. सगळा पुढे रचला तर ट्रॅक्टरचे पुढचे टायर हलके होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आणि ट्रॉली ओढायची ती खालच्या हुकावरून. उंच जागेवरून ओढली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो.

एक साखळी घ्या. पिन तुटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन ट्रॅक्टरला बांधायच्या. दांडा निसटला तर तो या छेदावर पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी त्याच पिनेत अडकवली तर उपयोग शून्य. पिनेबरोबर तीही जाते.

हुकाचे झाले की मग बाकीची ट्रॉली. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर आली किंवा चाक डुगडुगले तर बेअरिंग खोला. पाट्यांची तुटलेली पाने आणि सैल यू-बोल्ट पाहा. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा एकदा आवळा. मागे लाल परावर्तक आणि दिवा असा लावा की लोंबणाऱ्या वाड्याखाली झाकला जाणार नाही. लाल फडके रात्री दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर सर्वांत मागच्या ट्रॉलीवर असावा लागतो. विम्याच्या कागदावर ट्रॉलीची नोंद आहे का, तेही वाचून घ्या.

बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर मागचे १२ टन ट्रॅक्टरला ढकलतात. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल जोडलेली हवीत. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. १५ च्या वेगाऐवजी ३० च्या वेगाने गेलात तर थांबवायचा जोर दुप्पट नाही, चौपट लागतो. दांड्यावर कोणाला बसवू नका. आणि ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागे येत असेल तर मध्ये माणूस उभा नको. पिन घालायची ती ट्रॅक्टर थांबल्यावर, चाकाला दगड लावून.

आता कोणी विचारील, हे सगळे आम्हाला कळत नाही काय? कळते. मग होत का नाही? कारण वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर मिळतो. गाडीतळावर रात्ररात्र उभे राहण्याचे पैसे मिळत नाहीत. मुकादमाला दिलेली उचल अंगावर असते. ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. मग मालक दोन खेपांचा ऊस एका खेपेत कोंबतो आणि पिनेचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलतो. अपघात झाला की ड्रायव्हर बेदरकार ठरतो. त्या पोराला बेदरकार व्हायला लावणारा दर कोणाच्या पंचनाम्यात येत नाही.

आणि हा दर आपल्याच बिलातून जातो हे ध्यानात ठेवा. २००९ पासूनची एफआरपी कारखान्याच्या दारातली आहे. तोडणी-वाहतूक वजा जाऊन उरते ते उत्पादकाचे. म्हणून वाहतूकदार आणि ऊस उत्पादक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे जाते. बऱ्याच घरांत हे दोघे सख्खे भाऊच असतात. पैसे आपले कापले जातात, तर ते सुरक्षित वाहतुकीसाठी कापले जावेत, हे मागण्याचा हक्कही आपलाच आहे. बीडकडून येणारी तोडणीवाली माणसे लेकराबाळांसह याच ट्रॉल्यांत बसून घाट उतरतात. ट्रॉली माणसांसाठी नाही. त्यांच्या प्रवासाला वेगळे वाहन मिळावे, हीदेखील आपलीच मागणी असली पाहिजे.

तेव्हा या बैठकीने तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, धुराडे पेटण्याआधी प्रत्येक गावात एक दिवस ठरवून सगळ्या ट्रॉल्या एका जागी आणायच्या आणि रंग देण्याआधी पिन, कडी आणि जोड तपासायचे. दुसरी, कारखान्याकडे लेखी मागणी करायची की वाहतुकीच्या करारात दुरुस्तीचा खर्च धरा आणि गाडीतळावर वेल्डर, दिवे व परावर्तकांची सोय ठेवा. तिसरी, गाडीतळावरच्या थांब्याचे पैसे मागायचे.

दुसरी आणि तिसरी गोष्ट कारखान्याच्या मर्जीवर आहे. तिच्यासाठी भांडावे लागेल. पहिल्या गोष्टीला कोणाची परवानगी लागत नाही. एक व्हर्नियर, एक खडू आणि वाटीभर डिझेल लागते. ती उद्यापासून सुरू करा.