जोसेफ टार्का : मध्यपट्ट्याचे पुढारी

नायजेरियाचें नांव घेतलें म्हणजे जाणत्यांस तीन जमाती आठवतात : उत्तरेकडील हौसा-फुलानी, पश्चिमेकडील योरुबा आणि पूर्वेकडील इग्बो. मी ज्या पुस्तकावरून वर्गांत भूगोल शिकवीत असें, त्यांत तर भुईमूग, ताडाचें तेल आणि कोको एवढ्यावरच त्या देशाची बोळवण केलेली असे. परंतु ज्या देशांत अडीचशेंहून अधिक जमाती नांदतात, तेथें या तिघांखेरीज उरलेल्यांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें? हा प्रश्न ज्यांनीं हयातभर लावून धरला, त्या जोसेफ सारवुआन टार्का यांच्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

टार्कांचा जन्म १० जुलै १९३२ रोजीं बेन्वे नदीच्या दक्षिणेस, टिव लोकांच्या मुलखांत झाला. टिव हे शेतकरी. याम नांवाचा मोठा कंद हें त्यांचें मुख्य पीक. त्यांच्यांत मुळांत राजा असा नव्हताच. कोण कोणाच्या वंशांतील यावरून भाऊबंदकी ठरावयाची आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकींत तंटे मिटावयाचे. ब्रिटिश राज्यकर्त्यांना मात्र हुकूम कोणास सोडावा यासाठीं एखादा राजा लागे. म्हणून १९४० नंतर त्यांनीं ‘तोर टिव’ या नांवाची गादीच नवी निर्माण केली. माझ्या मतें पुढील पुष्कळ अनर्थाचें मूळ या कारभारांत आहे. कारण कर, न्याय आणि पोलीस हीं सारीं सूत्रें स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातीं आणि ते अधिकारी उत्तरेच्या सत्ताधारी पक्षाच्या धाकांत, असा प्रकार होऊन बसला.

टार्कांचा व्यवसाय आमचाच, म्हणजे शिक्षकाचा. कात्सिना-आला येथील शाळेंत ते शिकले आणि तेथेंच शिकवूं लागले. १९५४ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, ते संघराज्याच्या प्रतिनिधिगृहांत निवडून गेले. त्या वयांत आम्हां मास्तरांस वर्ग शांत ठेवणेंही जड जात असे! लवकरच ‘युनायटेड मिडल बेल्ट काँग्रेस’ या पक्षाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. पक्षाची मागणी एकच : उत्तर प्रांतांतून मध्यपट्ट्याचें वेगळें राज्य निर्माण करावें. प्रांतरचनेचा वाद आपल्या श्रोत्यांस अपरिचित नाहीं, तेव्हां या मागणीमागील तळमळ निराळी उलगडून सांगण्याचें कारण नाहीं. अल्पसंख्य जमातींच्या भीतीची चौकशी करण्यासाठीं १९५७ सालीं विलिंक कमिशन नेमलें गेलें. त्यानें १९५८ सालीं अहवाल दिला. भीति खरी आहे असें मान्य केलें, राज्यघटनेंत मूलभूत हक्क घालण्याची शिफारस केली, पण नवें राज्य देण्याचें टाळलें. रोग ओळखून वैद्यानें औषध न देतां पथ्य सांगावें, तसाच हा प्रकार झाला.

टार्कांनीं मग योरुबांचे पुढारी आवोलोवो यांच्या ‘ॲक्शन ग्रुप’शीं युति केली. १९६० सालीं स्वातंत्र्य आलें आणि त्याच वर्षीं टिव मुलखांत भडका उडाला. १९६४ सालीं पुन्हां उडाला. पहिल्या दंग्याला टिव भाषेंत जाळपोळीवरून नांव पडलें, दुसऱ्याला डोकीं फोडण्यावरून. दुसऱ्या वेळीं तर सैन्य धाडावें लागलें. मधल्या काळांत, १९६२ सालीं, आवोलोवोंच्या साथीदारांबरोबर टार्कांवरही राजद्रोहाचा आरोप आला. आवोलोवोंना दहा वर्षांची शिक्षा झाली, टार्का सुटले.

जें मतपेटीनें दिलें नाहीं तें अखेर लष्करी राजवटीनें दिलें. २७ मे १९६७ रोजीं जनरल गोवोन यांनीं देशाचीं बारा राज्यें केलीं आणि बेन्वे-प्लेटो हें त्यांपैकीं एक झालें. गोवोन स्वतः मध्यपट्ट्यांतले, हेंही येथें लक्षांत ठेवावें. त्यांच्या मंत्रिमंडळांत टार्का प्रथम वाहतूक खात्याचे व पुढें दळणवळण खात्याचे ‘कमिशनर’, म्हणजे आपण म्हणतों तसे मंत्री, झाले. यादवी युद्ध चालू असतांना वाहतूक खातें सांभाळणें हें सोपें काम नव्हतें.

येथवरचा इतिहास ऐकून त्यांना केवळ देवमाणूस ठरविणें सोपें आहे. पण तसें करणें उचित नव्हे. १९७४ सालीं गॉडविन डाबो या, त्यांच्याच जमातींतील, व्यापाऱ्यानें प्रतिज्ञापत्र करून टार्कांनीं अधिकाराचा गैरवापर केल्याचा आरोप केला. वर्तमानपत्रांनीं तो उचलून धरला आणि त्याच वर्षीं टार्कांना राजीनामा द्यावा लागला. ‘तूं मला टार्का केलेंस तर मी तुला डाबो करीन,’ अशी म्हणच मग रस्त्यांवर निघाली. लांच आणि चहाडी यांना दोन जिवंत माणसांचीं नांवें मिळालीं! त्याच सुमारास आपेर आकू यांनीं बेन्वे-प्लेटोच्या राज्यपालांविरुद्ध तसेंच प्रतिज्ञापत्र केलें, तेव्हां मात्र राज्यपाल निर्दोष ठरले आणि आकू कैदेंत गेले. एकाच राजवटीनें दोन कागदांस दोन न्याय लाविले. टार्कांवर आलेला आरोप यामुळें पुसला जात नाहीं. परंतु तो कोणत्या हवेंत आला तें कळतें.

१९७६ सालीं बेन्वे-प्लेटोचे दोन भाग होऊन बेन्वे हें वेगळें राज्य झालें. नागरी राजकारण पुन्हां सुरू होतांच टार्का ‘नॅशनल पार्टी’च्या संस्थापकांत दिसले. ज्या उत्तरेशीं उभा जन्म झगडा मांडला, तिच्याच पुढाऱ्यांबरोबर ते एका पक्षांत बसले. कोणी यास तडजोड म्हणेल, कोणी शहाणपण. मला तें थकलेल्या माणसाचें व्यवहारज्ञान वाटतें. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं ते उभे राहिले, परंतु ती शेहू शगारी यांना मिळाली. १९७९ सालीं टार्का सिनेटवर निवडून गेले आणि तेच आकू, पूर्वींचे कैदी, बेन्वेचे निर्वाचित राज्यपाल झाले.

सिनेटचें हें पद त्यांना सहा महिनेही लाभलें नाहीं. ३० मार्च १९८० रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. पुढें मकुर्डी येथील केंद्रीय कृषि विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.