छापले म्हणजे खरे का?

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर मी एकच वाक्य लिहिले आहे. सगळ्यांनी मिळून वाचा बरे. “गावात शंभर टक्के घरांना नळाचे पाणी.”

वाचलेत? शाबास. कोणी अडखळले नाही. वर्ग सुरू झाला तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांना ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक सांगता येत नव्हता. आज तुम्ही ‘टक्के’सारखे जोडाक्षर सहज वाचता. मला आनंद वाटतो.

हे वाक्य माझे नाही. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराचे पत्रक घरोघर वाटले होते, त्यातले आहे. उमेदवार कोण, पक्ष कोणता, ते मी सांगणार नाही. नाव सांगितले की निम्मी मंडळी टाळ्या वाजवतील आणि निम्मी उठून जातील. मला दोन्ही नको.

ते पत्रक घेऊन आपल्या वर्गातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. वय साठीच्या पुढे. म्हणाल्या, “गुरुजी, मी हे वाचलं. पण माझं वाचणं चुकलं असणार.”

मी म्हटले, “का हो मावशी?”

“इथं लिहिलंय सगळ्या घरांना नळाचं पाणी. माझ्या दारात तोटी आहे, पण पाणी नाही. मी रोज पहाटे विहिरीवर जाते. मग मीच चुकीचं वाचलं ना?”

मंडळी, त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. ज्या बाईने रोज डोक्यावर हंडा वाहिला, तिला वाटले की कागद खरा आणि आपणच खोटे! दोष तिचा नव्हता, माझा होता. मी तिला वाचायला शिकवले. वाचलेले तपासायला शिकवले नाही.

आणि हे मला कोणत्या तोंडाने सांगता येते? माझेच उदाहरण ऐका. मी नोकरीत असताना एका पुढाऱ्यांनी सभेत सांगितले, “या शाळेला मी तीन नव्या खोल्या दिल्या.” मी शाळेचा मुख्याध्यापक. व्यासपीठावर उभा राहून मी त्यांचे आभार मानले. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले. नव्या खोल्या दोनच होत्या. तिसरी जुनीच होती, तिचे फक्त पत्रे बदलले होते. पण लोक म्हणाले, “हेडमास्तर स्वतः म्हणाले, म्हणजे तीनच असणार.” माझ्या तोंडून खोटे गावभर गेले. ते परत घेण्याचा धीर मला तेव्हा झाला नाही. ती बोच अजून आहे. म्हणून आजचा हा पाठ.

कोणी उमेदवार म्हणाला, “मी हे केले, मी ते केले,” तर चार प्रश्न विचारावेत. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न. नक्की शब्द काय आहेत?

‘मंजूर झाले’, ‘सुरू झाले’ आणि ‘पूर्ण झाले’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न ठरले, हळद लागली आणि मुलगी नांदायला गेली, हे एकच का? तसेच ‘नळ बसला’ आणि ‘पाणी आले’ हेही एक नव्हे. सरकारी योजनेतही हा फरक मानला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. खेड्यातल्या प्रत्येक घराला नळ द्यायचा आणि त्या नळातून माणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे, असे त्यात ठरले. आधी २०२४ सालापर्यंतची मुदत होती. ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. म्हणजे बघा, नुसती तोटी बसवून योजना पुरी होत नाही.

आता गणित करा. घरात पाच माणसे. पाच गुणिले ५५ म्हणजे २७५ लिटर. तुमचा हंडा १५ लिटरचा असेल, तर अठरा हंडे भरून थोडे वर. एवढे पाणी तुमच्या नळाला येते का? हातच्या कांकणाला आरसा कशाला? हंडा ठेवा आणि मोजा.

दुसरा प्रश्न. कितीपैकी किती?

‘शंभर टक्के’ म्हणजे शंभरातली शंभर. एक घर राहिले तरी शंभर टक्के नाही. नुसता आकडा ऐकून भुलू नये. ‘दोनशे नळ दिले’ हे ऐकायला मोठे वाटते. पण घरे दोनशे आहेत की हजार, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

खऱ्या आकड्यानेही डोळ्यांत धूळ टाकता येते, बरं का. आपल्याच विषयातले उदाहरण घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात सुमारे १८ माणसे साक्षर होती. २०११ च्या जनगणनेत शंभरात सुमारे ७४ झाली. एक पुढारी हे सांगून म्हणेल, “बघा केवढी प्रगती!” दुसरा म्हणेल, “२०११ साली सुमारे २८ कोटी माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते, हीच का प्रगती?” दोघेही खरेच बोलले. पण प्रत्येकाने आपल्या सोयीची बाजू पुढे केली. आपण दोन्ही बाजू मागाव्यात.

तिसरा प्रश्न. कधीपासून कधीपर्यंत?

१८ चे ७४ व्हायला साठ वर्षे लागली. त्या काळात किती सरकारे आली आणि गेली! किती मास्तर झिजले! कोणी एकाने उठून “हे मी केले” म्हणावे का? बाभळीचे बी एकाने टाकले, कुंपण दुसऱ्याने घातले आणि सावलीत तिसरा बसला, तर झाड कोणाचे? म्हणून कामाचे साल विचारावे. काम कोणाच्या वेळी मंजूर झाले, कोणाच्या वेळी सुरू झाले, कोणाच्या वेळी पुरे झाले, हे पाहावे.

चौथा प्रश्न. पैसा कोणाचा?

जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र सरकारने निम्मा आणि राज्य सरकारने निम्मा खर्च करायचा, असे ठरले. गावानेही थोडा वाटा उचलायचा होता. खासदार निधीचेही तसेच. ही योजना १९९३ साली सुरू झाली. पुढे एका खासदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये, अशी तरतूद झाली. खासदाराने काम सुचवायचे, जिल्हा प्रशासनाने ते करून घ्यायचे. पैसा सरकारी तिजोरीतला. आणि तिजोरीत तो येतो कुठून? तुम्ही साबणाची वडी घेता, त्यातही कर भरता. तेव्हा “मी माझ्या खिशातून दिले” अशा थाटात कोणी बोलले, तर मनातल्या मनात हसावे. मात्र चांगले काम सुचवले असेल, पाठपुरावा केला असेल, तर त्याचे श्रेय जरूर द्यावे.

आता मावशींच्या नळाकडे येऊ. आम्ही काय केले? वर्गातली सहाजणे वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या आळीत फिरलो. पुढारी कोण आणि मत कोणाला, हे कोणालाही विचारले नाही. दोनच गोष्टी विचारल्या. नळ आहे का? काल पाणी आले का? आळीत ४० घरे. ३२ घरांपुढे तोटी होती. २४ घरांत पाणी येत होते. चढावरच्या आठ घरांत तोट्या कोरड्या होत्या. उरलेल्या आठ घरांना तोटीच नव्हती.

म्हणजे नळ शंभरात ८०. पाणी शंभरात ६०. पत्रकातले शंभर खोटे ठरले.

पण थांबा. दुसऱ्या उमेदवाराचेही पत्रक आले होते. त्यात होते, “पाच वर्षांत गावाला थेंबभर पाणी मिळाले नाही.” तेही खोटेच! २४ घरांतल्या बायकांचा विहिरीचा फेरा चुकला होता, हे आमच्या वहीत लिहिलेले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा हिशेब करायचा नाही. तराजू एकच पाहिजे. नाहीतर तपासणी होत नाही, भांडण होते.

एक कार्यकर्ता मला म्हणाला, “गुरुजी, या वयात राजकारण कशाला करता?” मी म्हटले, “बाबा, मी राजकारण करत नाही. मी बेरीज करतो.”

मावशींचा मुलगा मात्र घाबरला. म्हणाला, “आई, तू पुढे होऊ नकोस. उद्या आपलंच काम अडवतील.” त्याची भीती खोटी नव्हती. गावात राहायचे असते, कागदासाठी चार दारी जावे लागते. मावशी म्हणाल्या, “मी कोणाला शिव्या देत नाही रे. माझ्या दारात पाणी नाही, एवढंच सांगते. हे सांगायचं नाही, तर वाचायला कशाला शिकले?”

पुढच्या ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. हातात वहीचे पान होते. हात थरथरत होता. पण आकडे त्यांनी स्वतः वाचले.

इथे एक नियम ध्यानात ठेवा. गावाचे पाण्याचे काम पुरे झाले, असे आधी खात्याकडून कळवले जाते. पण तेवढ्याने ‘हर घर जल’ गाव म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. ग्रामसभेने ठराव करून “होय, प्रत्येक घराला पाणी मिळते” असे म्हणावे लागते. म्हणजे शेवटचा शब्द तुमचा आहे. त्या दिवशी हाच ठराव पुढे आला होता. मावशींचे पान वाचून झाल्यावर सभेने ठरवले, चढावरच्या घरांना पाणी येईपर्यंत ठराव करायचा नाही. चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आले नाही. पण नसलेले पाणी कागदावर आले असते, ते थांबले. एकदा ठराव झाला असता, तर मावशींची तक्रार कोणी ऐकली असती?

जे डोळ्यांनी दिसत नाही, ते कागद मागवून पाहावे. २००५ साली माहितीचा अधिकार कायदा झाला. रस्त्याला किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, काम केव्हा पुरे झाले, हे अर्ज करून विचारता येते. अर्जाला दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे. न मिळाले तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्ज थोडक्यात लिहावा. “काम का झाले नाही?” असे भांडू नये. “अमुक कामाच्या खर्चाच्या नोंदीची प्रत द्यावी,” असे लिहावे.

उमेदवाराविषयीही विचारता येते. त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे फौजदारी खटले, हे त्याला अर्जासोबत शपथेवर लिहून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली दिलेल्या निकालांमुळे मतदाराला हा हक्क मिळाला. विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवारांची ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तुम्हाला जमत नसेल, तर नातवाला मोबाईलवर काढायला सांगा. वाचायचे मात्र तुम्ही स्वतः.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, खोटं बोलणाऱ्याला कायदा धरत नाही का?” थोडा धरतो. दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे पसरवणे, हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचार मानला आहे. शपथपत्रात खोटे लिहिले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण “मी दोन खोल्यांऐवजी तीन दिल्या” अशी कोणी फुशारकी मारली, तर तिच्यासाठी त्या कायद्यात असे कलम नाही. ती तपासायला पोलीस येणार नाही. ती आपणच तपासायची.

मत कोणाला द्यायचे, ते मी कधी सांगितले नाही आणि सांगणारही नाही. मतपेटी असो की यंत्र, तिथे तुम्ही एकटे असता. पण तिथे जाण्याआधी चार प्रश्न विचारून जा. दाव्यातले थोडे खरे निघेल, थोडे फुगवलेले निघेल. जो चूक दाखवल्यावर “होय, चुकले” म्हणतो, त्याची नोंद करा. जो चिडतो, त्याचीही करा.

आता घरचा अभ्यास. घरात प्रचाराचे जुने पत्रक असेल तर घेऊन या. मोबाईलवर आलेले असेल तर वहीत उतरवून आणा. त्यातले एकच वाक्य निवडा आणि त्यापुढे लिहा: मी पाहिले, मी मोजले, मी विचारले. यांतले काय केले आणि काय आढळले, ते दोन ओळींत लिहा.

मावशी आता मला विचारत नाहीत की माझे वाचणे चुकले का. परवा त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे बरोबर वाचलंय मी. आता हे खरं आहे का, ते बघू या.”

मंडळी, यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा मला नको.