भीतीची जाहिरात आणि दिलेला शब्द



छोट्या भयपटाची जाहिरात कशी करावी, हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यापुढे ठेवला तेव्हा आमच्या कचेरीतील मंडळींना हसू आले. पगारवाढ आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने भुताखेतांवर बोलावे, यात हसण्यासारखे आहेच. परंतु आम्ही विषय आनंदाने घेतला. आमची उमर छापखान्यातल्या कामगारांत गेली; शिक्षण म्हणावे तर छापता छापता जे वाचून झाले तेवढेच. आणि हल्ली आमच्या वस्तीतली मुले रविवारी मोबाईल घेऊन सहा-सात मिनिटांचे भयपट काढतात व त्यांचे पोस्टर छापून मागायला आमच्याकडे येतात. सहा दिवस दुसऱ्याच्या मालावर राबणाऱ्या पोराने सातव्या दिवशी स्वतःचे म्हणून काही करावे, ही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही.

मात्र जाहिरात ती कशी करतात पाहा. एका चित्रपटाच्या पोस्टरवर रक्ताळलेली कवटी होती, ट्रेलरमध्ये पांढऱ्या साडीतली बाई होती, निमंत्रणपत्रिकेवर वटवाघूळ होते. आणि चित्रपट होता गिरणी बंद पडल्यावर रिकाम्या झालेल्या चाळीत एकट्या उरलेल्या म्हाताऱ्याचा! चित्रपट चांगला होता. पण कवटी पाहून आलेले लोक कवटीची वाट पाहत बसले. म्हाताऱ्याने दार उघडले, जेथे श्वास रोखायचा तेथे मागून कोणीतरी विचारले, "अरे, भूत कुठाय?" सारे सभागृह हसले. चार महिन्यांची मेहनत त्या एका हशात वाहून गेली.

जाहिरात म्हणजे लोकांना आगाऊ दिलेला शब्द. संप करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. गेटवर वाटलेल्या हँडबिलात एक मागणी, सभेच्या फलकावर दुसरी आणि पुढाऱ्याच्या भाषणात तिसरी असली, तर मालकाला फार काही करावे लागत नाही. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की झाले. भयपटाचेही तसेच आहे. पोस्टर, ट्रेलर, महोत्सवाला पाठवायचे स्थिरचित्र, एका ओळीतले कथासार, मोबाईलवर दिसणारे नखाएवढे चित्र, या साऱ्यांनी एकच शब्द द्यावा. सर्वांवर तेच चित्र चिकटवावे असे आम्ही म्हणत नाही. भीती एकाच जातीची असावी, एवढेच.

ही कल्पना आजची नव्हे. १९२० साली बर्लिनमध्ये 'डॉक्टर कॅलिगरीची पेटी' हा मूक भयपट आला. त्याचे देखावे तीन चित्रकारांनी वाकड्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या यांतून उभे केले होते. चित्रपट लागण्यापूर्वी शहरात पत्रके झळकली. त्यांवर 'तू कॅलिगरी झाले पाहिजेस' अशी आज्ञा होती, आणि वाचणाऱ्याला कळेना की कॅलिगरी म्हणजे कोण! ज्या वेडाची गोष्ट पडद्यावर सांगायची तेच वेड पत्रकाने रस्त्यावर आणून सोडले. त्याच साली आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' आली. बाबूराव मुळात पडदे रंगवणारे कलावंत. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. ज्या हाताने चित्रपट घडवला त्याच हाताने पत्रक रंगवले, मग मेळ वेगळा घालावा लागत नाही. आज पोस्टर एक करतो, ट्रेलर दुसरा आणि पत्रिका तिसऱ्याच्या मेव्हण्याचा मित्र करतो. म्हणून एकमेकांशी आधी बोलून घेणे भाग आहे.

बोलायचे ते काय? प्रथम भीतीची वस्तू ठरवा. २०१३ साली स्वीडनमध्ये डेव्हिड सँडबर्ग यांनी आपली पत्नी लोट्टा लोस्टेन हिला घेऊन 'लाइट्स आउट' नावाचा तीन मिनिटांहून लहान चित्रपट राहत्या घरात केला. दिवा मालवला की दाराशी एक आकृती दिसते, लावला की नाहीशी होते. बस्स, एवढेच! ज्याने पाहिला तो दुसऱ्याला एका वाक्यात सांगू शकला आणि तो चित्रपट जगभर गेला. २०१६ साली त्यावर मोठा चित्रपटही निघाला. त्या म्हाताऱ्याच्या चित्रपटात अशी वस्तू होती, दाराची कडी. ती कडी पोस्टरवर असती, ट्रेलरमध्ये नुसती वाजली असती, तर प्रेक्षक कडीकडे डोळे लावून बसले असते. दार उघडल्यावर काय दिसते ते मात्र कोठेही दाखवू नये. सहा मिनिटांच्या चित्रपटात घाबरण्याची जागा एकच असते. ती ट्रेलरमध्ये खर्चली की घरी न्यायला काही उरत नाही.

आता आमच्या धंद्यातले थोडे सांगतो. भयपट अंधाराचा, म्हणून पोस्टरही काळे. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड देतो, त्यामुळे त्यावर अंधारातली कडी, भिंतीची ओल, बोटे सारे दिसते. कागद उजेड देत नाही. वर पडलेला परत करतो. शिवाय शाई कागदात पसरते, ठिपके फुगतात आणि गडद भाग आणखी गडद होतो. पडद्यावरचे सुंदर चित्र कागदावर येते ते डांबर होऊन. म्हणून छपाईसाठी सावल्या उजळून घ्याव्यात आणि ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर प्रूफ काढावे. मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईने छापला तर फिका, राखट दिसतो. त्याखाली थोडी निळी द्यावी लागते. चारही शाया मात्र ओतू नयेत. कागद वाळत नाही आणि मागच्या ताव्याला डाग पडतात. आणि काळ्यावर बारीक पांढरी अक्षरे! चार रंगांची जुळणी केसभर सरकली की ती बुजतात. बुजतात ती बहुधा खालच्या ओळीतली, जेथे दिवे धरणाऱ्याचे नाव असते.

आकाराचेही भान ठेवावे. ए-३ पोस्टर २९७ बाय ४२० मिलिमीटर, उभे. चित्रपटाची चौकट सोळास नऊ, आडवी. हातातला मोबाईल पुन्हा उभा. एकच चित्र कापून तिन्हींत बसवू गेले की कधी दार जाते, कधी म्हातारा. यासाठी चित्रीकरणाच्या दिवशी, दिवे जागेवर असतानाच, अर्धा तास काढून उभी-आडवी स्थिरचित्रे वेगळी घ्यावीत. चित्रपटातून मागाहून उचललेले चित्र हललेले निघते. नावाचे अक्षर एकदा काढावे व तेच सर्वत्र वापरावे. परगावच्या महोत्सवासाठी नाव रोमन लिपीत लिहायचे तर त्याचेही एकच रूप ठरवावे. एका मुलाचा 'वाडा' नावाचा चित्रपट रोमन अक्षरांतून 'वडा' होऊन गेला; भुताचे खाद्य झाले.

पण एकसारखेपणा किती ताणावा याची एक हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला हा विषय सोडवत नाही. अमेरिकेतला 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा काही लघुपट नव्हे, पूर्ण लांबीचा आहे. पण थोडक्या पैशांत, हाती कॅमेरा दिलेल्या तीन नटांकडून तो काढला गेला. १९९९ साली त्याची जाहिरात झाली ती या कामातला नमुना म्हणून आजही दाखवतात. तीन विद्यार्थी रानात नाहीसे झाले, ही गोष्ट. म्हणून महोत्सवात 'हरवले आहेत' अशी पत्रके वाटली, संकेतस्थळावर खोटा इतिहास मांडला, काटक्या बांधून केलेली बाहुली हीच खूण फिरवली. कोठेही एक धागा उसवला नाही. जगभरात २४ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. मात्र धागा उसवू नये म्हणून जिवंत नटांना नाहीसे ठेवावे लागले. हेदर डोनह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड यांची खरी नावे पात्रांना दिली होती. डोनह्यू बाईंच्या आईला लोकांची सांत्वनपत्रे आली! चित्रपट गाजत असताना ज्यांचे तोंड गावभर लागले होते त्यांनीच तोंड दाखवायचे नाही. पुढे बाईंनी आपले नावच बदलून घेतले. २०२४ साली नवा चित्रपट काढण्याची घोषणा झाली तेव्हा या तिघांनी जाहीर मागणी केली: संघटना किंवा वकील पाठीशी असता तर जो मोबदला मिळाला असता तो द्या, आणि आमची नावे व चेहरे जाहिरातीत येणार असतील तर आधी आम्हांला विचारा. चित्रपट येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर! आम्ही ते मागणीपत्र वाचले तेव्हा भाषा परकी असूनही ओळखीची वाटली.

आमच्या मुलांचे चित्रपट कोटी मिळवणार नाहीत, हे खरे. पण तो म्हातारा झालेला गृहस्थ निवृत्त जॉबर आहे. त्याचा चेहरा भुताचा म्हणून मोबाईलवर गावोगाव फिरेल, त्याची नात शाळेत चिडवली जाईल, हे त्याला आधी कोणी सांगितले होते का? कोणीच नाही. त्याने मनावर घेतले नाही, हा त्याचा स्वभाव.

म्हणून पोस्टर छापायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आता एक अर्धा ताव देतो. त्यावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: कोणाचा चेहरा कोठे कोठे वापरणार, किती दिवस, पैसे आले तर वाटणी कशी, आणि खालच्या ओळीत कोणाकोणाची नावे, कोणत्या अक्षरांत. नाव ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे, म्हणजे पोस्टरवर एक आणि पडद्यावर दुसरे असे होत नाही. तो ताव आम्ही उरलेल्या कागदावर छापून ठेवला आहे. दाराशी टेबलावर गठ्ठा आहे, ज्यांना हवा त्यांनी जाताना न्यावा, पैसे नाहीत.