आधी अनारशाचे तांदूळ

(मंडळाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत केलेले भाषण)



‘कामाची आखणी’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण धाकट्या मुलाला अभ्यासाला असलेले ‘प्रकल्प व्यवस्थापना’चे पुस्तक त्याच्याकडून समजून घेतले, तेव्हा वाटले, हे तर आपण दर दिवाळीला करतो!

फराळाचेच पाहा. शंकरपाळे एका दुपारी होतात. अनारशांचे तसे नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी सावलीत सुकवून, दमट असतानाच कुटून, चाळून गुळात मळायचे. मग ते पीठ चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यायचे. तळायला बसेपर्यंत नऊ दिवस जातात. घरात दहा सुना असल्या तरी त्या नवाचे चार होत नाहीत. म्हणून शहाणी गृहिणी आधी अनारशाचे तांदूळ भिजत घालते.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या कामासाठी हाच विचार गणिताने मांडला गेला. कोणते काम कोणत्या कामावाचून अडते ते लिहायचे, प्रत्येकाचे दिवस मांडायचे आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतला एक दिवस वाया गेला, की सगळे कार्य एक दिवस पुढे जाते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. आपल्या कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले. गाड्या टप्प्याटप्प्याने धावू लागल्या, पण पेडण्याच्या मऊ मातीतल्या बोगद्याने वाट अडवून धरली. सगळा मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी.

आता आपल्या पाळणाघराकडे वळू. ते १५ जूनला उघडायचे ठरले आहे. त्या भरवशावर आपल्यातल्या तीन आयांनी कामावर येतो म्हणून कळविले आहे. त्यांच्या रोजीचा हा प्रश्न आहे. गेल्या सभेत आपण पाऊण तास खेळणी आणि पडद्यांचे रंग यांवर बोललो. ती खरेदी एका दुपारची! खरी अडचण न्हाणीची आहे. नळ बदलायला ३ दिवस, लादीला ४, लादीवर पाणी मारायला ७, रंगाला ४, झाले १८. गवंड्याच्या खाड्यांसाठी ५ दिवस हाताशी ठेवू. म्हणजे २३ मे रोजी पहार पडलीच पाहिजे, आणि गवंड्याला आजच सांगावा धाडला पाहिजे.

आणखी तीन गोष्टी सुचविते. पहिली, काय करायचे आणि यंदा काय करायचे नाही, हे दोन्ही लिहून ठेवावे. दुसरी, प्रत्येक कामापुढे एकाच बाईचे नाव असावे. ‘आपण सगळ्या बघू’ म्हटले, की कोणीच बघत नाही. तिसरी, दर शनिवारी अर्धा तास बसून झालेले, राहिलेले आणि खर्चलेले सांगावे. कोणाचे काम मागे पडले तर तिला बोल लावू नये, हात लावावा.

नळ-न्हाणीच्या कामापुढे माझे नाव लिहून घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.