उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कोण पितं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कपाशी लाल पडली की दुकानदार एक बाटली काढून देतो. शेतकीच्या कॉलेजात आम्ही शिकलो ते वेगळं. पानं तुडतुड्यानं लाल होतात, मॅग्नेशियम कमी पडल्यानं होतात, रात्रीच्या थंडीनंही होतात. दिसायला रोग एक, कारणं तीन, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. हीच रीत आज आपल्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायची आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात कोरडवाहू माणसाचा ट्रॅक्टर बारा महिने पळत नाही. मृगाची पेरणी उरकली की तो गोठ्याशेजारी उभा राहतो, तो थेट रब्बी ज्वारीच्या पेरणीपर्यंत. मग वापसा येतो, सगळं गाव तिफणीला लागतं, आपण सेल्फ मारतो आणि नुसतं ‘टक्’ होतं. वापसा काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून घाईघाईनं नवी बॅटरी आणली जाते. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे एका बॅटरीपायी साधारण क्विंटलभर कापूस गेला! आणि गळती तशीच राहिली तर नवी बॅटरीही उतरणार. उतरलेली बॅटरी महिनाभर तशीच पडली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची अधू होते.

रात्री भरलेली पाण्याची टाकी सकाळी रिकामी दिसली तर आपण तीन गोष्टी बघतो. टाकी खरंच भरली होती का? टाकीलाच तडा आहे का? की एखादी तोटी गळते? बॅटरीचंही तेच.

पहिली तपासणी भरण्याची. इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर भरणं ठीक आहे. साडेबाराच्या आसपासच अडकलं तर पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटर कामातून गेला आहे.

दुसरी तपासणी तड्याची. बॅटरी पूर्ण चार्ज करा, दोन्ही केबल काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. केबल जोडलेली नसतानाही ती उतरत असेल तर दोष बॅटरीचाच. तेव्हा नवी घ्यावी, त्याआधी नाही.

तिसरी तपासणी तोटीची. किल्ली काढा, सगळे दिवे बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. मीटर दहा अँपिअरवर ठेवून एक टोक केबलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. जुन्या साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य हवा. नव्या जीप-पिकअपला अर्धा तास थांबा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही.

आता हिशेब करू. ८८ अँपिअर-तासांची बॅटरी आणि शंभर मिलिअँपिअरची गळती. दिवसाला २.४ गेले, म्हणजे अठरा-एकोणीस दिवसांत निम्मी बॅटरी संपली. पाच वॅटचा एक दिवा विसरला तर दिवसाला दहा जातात. चार-पाच दिवसांत निम्मी खलास!

गळती दिसली की फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वायरीवर चोर बसला आहे. टेपची किल्लीवरची वायर थेट बॅटरीवर जोडलेली असते. ब्रेकच्या दिव्याचं बटण अडकलेलं असतं. ऊसतोडीच्या हंगामाहून आलेल्या ट्रॅक्टरवर ट्रॉलीच्या दिव्यांची वायर दहा ठिकाणी जोडलेली आणि सोललेली असते. सगळे फ्यूज काढूनही आकडा राहिला तर मीटर सोडवा, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर आतला डायोड गेला आहे.

काम करताना हातातलं कडं-अंगठी काढा. बॅटरीजवळ बिडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

दोष सापडेपर्यंत साधा उपाय आहे. ट्रॅक्टर उभा करताना निगेटिव्ह केबल सोडून ठेवा आणि महिन्याला एकदा बॅटरी चार्जिंगला लावा.

बाजारात बॅटरी विकणारे पुष्कळ आहेत, गळती शोधून देणारा क्वचित. मीटर काहीशे रुपयांत येतं, दहा घरांत एक पुरतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. त्याच दिवशी ट्रॅक्टरलाही मीटर लावा. ज्वारीच्या पेरणीला अवकाश असतो, तोवर चोर सापडतो आणि क्विंटलभर कापूस घरात राहतो.