एमसीबी का पडते?



मृगाचे दोन-चार पाऊस झाले, भिंतींना ओल धरू लागली, की वायरमनच्या फोनला उसंत नसते. तक्रार बहुतेक एकच. "एमसीबी खराब झालीय, सारखी पडते. येताना नवीन घेऊन या." म्हणजे रोगाचं निदान घरमालकाने केलेलं, औषधही त्यानेच ठरवलेलं. वायरमनने फक्त यायचं आणि ते द्यायचं. बिचारा देतोही. दोन-तीनशे रुपयांची नवी एमसीबी बसते, मजुरी मिळते आणि दुसऱ्या दिवशी ती नवीही पडते. मग दुकानाच्या काउंटरवरून सल्ला मिळतो, "सोळाची कशाला लावता, बत्तीसची टाका, पडायचं नाव घेणार नाही." आणि खरंच, ती पडत नाही. धोका आहे तो तिथेच.

पडणारी एमसीबी बहुतेक वेळा शाबूत असते. ती आपलं काम करत असते आणि दोष दुसरीकडे कुठेतरी असतो. एमसीबी बदलणं म्हणजे मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक पट्टी असते, दोन वेगवेगळ्या धातूंची. जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. तिला वेळ लागतो. दुसरी असते तारेची गुंडाळी. शॉर्ट झाला, करंट एकदम कित्येक पटींनी वाढला, की तिच्यातलं चुंबकत्व क्षणात खटका ओढतं. हाताने दांडी वर धरून ठेवली तरी आतला खटका पडतोच, म्हणून दांडीला सुतळी बांधून ठेवणाऱ्यांनी ते कष्ट घेऊ नयेत. अशी छोटी एमसीबी जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या नावावर १९२४ साली पेटंट झाली. आपल्याकडे मात्र पुढे कित्येक वर्षं चिनी मातीचा किटकॅट फ्यूजच चालला, आणि तो उडू नये म्हणून त्यात जाड तार घालायची खोडही चालली. आजची बत्तीसची एमसीबी ही तीच जाड तार आहे.

आता थोडा हिशेब करू. एमसीबीवर 'सी' हे अक्षर आणि पुढे आकडा छापलेला असतो, समजा १६. म्हणजे १६ अँपिअर. पण १६ चे १७ झाले की ती लगेच पडते, असं नाही. मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर, तासभर वाहिले तरी ती पडता कामा नये. आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर वाहिले, तर तासाभरात पडलीच पाहिजे. स्वयंपाकघरात २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि त्याच लाइनवर बाथरूममधला २००० वॅटचा गिझर चालू आहे. दोन्ही मिळून साधारण साडेसतरा अँपिअर. एमसीबी गप्प. तेवढ्यात कुणीतरी चहासाठी १५०० वॅटची किटली लावतं. बेरीज २४ वर जाते आणि सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या आधी एमसीबी पडते. यात खराब काय झालं? काहीच नाही.

इथे बत्तीसची टाकली तर काय होईल? ती ३६ अँपिअरपर्यंत तासभर ढिम्म हलणार नाही. आणि भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपातून जाताना साधारण वीस अँपिअरच्या आसपास पेलते. एमसीबी राखण करते ती वायरची. गिझर जळेल की राहील याच्याशी तिला कर्तव्य नसतं. म्हणून एमसीबी किती अँपिअरची हवी हे वायर किती जाड आहे त्यावरून ठरतं, घरात उपकरणं किती आहेत त्यावरून नाही. उपकरणं वाढली असतील तर डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या पेटीपासून, वेगळी लाइन ओढा. खर्च होतो, भिंत फोडावी लागते, हे खरं. पण दुसरा मार्ग नाही.

विदर्भातल्या श्रोत्यांचा अनुभव असेल, मे महिन्यात एसीची एमसीबी दुपारीच पडते, रात्री नाही. एमसीबीतल्या त्या दोन धातूंच्या पट्टीचं मोजमाप ३० अंश तापमान धरून केलेलं असतं. बाहेर ४५ अंश, डीबीचं झाकण बंद, आणि आत तीन-चार भारी एमसीबी एकमेकींना खेटून तापलेल्या. मग पट्टी लवकर वाकते. अशा वेळी दोन एमसीबींमध्ये थोडी जागा सोडली, तरी पुष्कळदा काम भागतं.

तर निदान कसं करायचं? आधी पाहा, पडलं काय आणि किती वेळाने. चालू करताक्षणीच पडली तर शॉर्ट समजा. पुन्हापुन्हा वर करून पाहू नका, दर खेपेला आतले संपर्क भाजतात. वीस-पंचवीस मिनिटांनी पडली तर एक तर लोड जास्त आहे, नाहीतर स्क्रू ढिला आहे. हा ढिला स्क्रू फार फसवतो. लोड बेताचा असतो, पण वायर आणि एमसीबीच्या जोडावर उष्णता तयार होते आणि तीच आतल्या पट्टीपर्यंत पोहोचते. झाकण काढलं की ओळखू येतं. त्या एकाच वायरचं टोक तपकिरी झालेलं असतं, प्लास्टिक कडक होऊन बोटाने तुटतं, आणि करपलेला वास येतो. जुन्या इमारतींत ॲल्युमिनिअमच्या वायरी असतील तर हे जोड वरचेवर ढिले पडतात.

आणि पावसात पडते ती बहुधा एमसीबी नसतेच. तिच्या शेजारची रुंद, 'टी' लिहिलेलं बटण असलेली आरसीसीबी असते. लोक तिला अजून ईएलसीबी म्हणतात. ही बाई हिशेबनीस आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरची तूट आली की लाइन तोडते. बहुतेक वेळा त्याआधीच तोडते. तूट आली म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत जातोय, ओल्या भिंतीतून, गिझरच्या चिरलेल्या कॉइलमधून किंवा माणसाच्या अंगातून. घरात माणसाचा जीव वाचवणारं उपकरण हेच. ती पडते म्हणून तिला बायपास करून ठेवणारे वायरमन आहेत. अशा माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

तूट शोधायला घरच्या घरी एक पद्धत आहे. सगळ्या एमसीबी खाली करा, सगळे प्लग उपसून काढा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल, दोष त्या लाइनच्या वायरिंगमध्ये. एकीवरही पडली नाही, तर प्लग एकेक करून लावा; ज्यावर पडेल, दोष त्या उपकरणात. बटण बंद ठेवून भागत नाही, प्लग उपसलाच पाहिजे. कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल अर्थिंगला टेकला तरी आरसीसीबी पडते. याच कारणाने कधी कधी सगळ्या एमसीबी खाली असूनही ती पडते आणि माणूस चक्रावतो. तिथे न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवून पाहाव्या लागतात. ते काम मात्र वायरमनचं. इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून पडत असेल, तर इन्व्हर्टरचा आणि घरचा न्यूट्रल नको तिथे एकत्र केलाय का, ते आधी बघायला सांगा. गच्चीवरचा पंप, गेटवरचा दिवा, बाहेरच्या बेलचं बटण ही पावसाळ्यातली नेहमीची ठिकाणं. आणि डीबीत शिरलेली पाल. तिला विसरू नका.

हे सगळं झाल्यावरही काही एमसीबी खरोखर खराब निघतात. दांडी सैल लोंबते, वर टिकतच नाही. दांडी वर आहे पण पुढे वीज नाही. कुरकुर आवाज येतो, अंग पिवळं पडतं. खात्री करायची तर मेन बंद करून संशयित लाइनची वायर तेवढ्याच अँपिअरच्या दुसऱ्या एमसीबीला जोडून बघतात. तीही पडली तर दोष लाइनचा, नाही पडली तर पहिलीचा. सगळ्यात वाईट एमसीबी मात्र कधीच न पडणारी. वायर जळाली तरी जी वरच राहिली, तिची परीक्षा घेत बसू नका, बदला. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने आतली यंत्रणा धरते, म्हणून वर्षातून दोनदा सगळ्या एमसीबी हाताने खाली-वर कराव्यात.

बदलायचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहून बघा. मेन खाली केला तरी मेनच्या वरच्या टोकांवर वीज जिवंत असते, हे त्याला ठाऊक असतं, घरच्यांना नसतं. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो, नाहीतर मेन खाली असतानाही इन्व्हर्टरच्या लाइनवर झटका बसतो. टेस्टर आधी चालू जागी लावून पाहावा, मग बंद केलेल्या जागी, आणि पुन्हा चालू जागी. मध्येच टेस्टरच गेला तर कळायला नको? खाली तांब्याची पट्टी असेल तर शेजारच्या एमसीबींचेही स्क्रू सैल करावे लागतात. नंतर ते सगळे पुन्हा आवळले का, हे डोळ्यांनी बघा, निम्मे दोष तिथेच जन्मतात. नवी एमसीबी तेवढ्याच अँपिअरची, त्याच अक्षराची, आयएसआय चिन्हाची हवी. चौकटीतला ६००० किंवा १०००० हा आकडा जुनीपेक्षा कमी नको. आणि वायर आत बसवताना प्लास्टिकवर स्क्रू आवळला गेला, तर नवी एमसीबीही आठवड्यात तापेल.

आता एवढं करा. हे भाषण संपलं की संगणक, टीव्ही आणि असेल तर इन्व्हर्टर नीट बंद करा आणि आरसीसीबीचं 'टी' बटण दाबा. घरात काळोख झाला पाहिजे. तुमचा रेडिओ विजेवर चालत असेल तर तोही बंद पडेल, पुढच्या कार्यक्रमाआधी परत लावा. दर महिन्याला एकदा हे करत जा. आणि बटण दाबूनही दिवे चालूच राहिले, तर मात्र रविवारची वाट पाहू नका. उद्या सकाळीच वायरमनला बोलवा आणि ती आरसीसीबी बदलून घ्या.