दंतवैद्यकातील लेसर आणि आपला दवाखाना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वार्षिक सभेत आपल्या मंडळाच्या दातांच्या दवाखान्यासाठी लेसरयंत्र घ्यावे, अशी सूचना आली. सूचना मांडणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या देणगीचा आकडाही तेथेच जाहीर केला. सभागृहाने टाळ्यांनी त्यांचे स्वागत केले आणि कार्यकारी मंडळाने विचार करण्याचे काम आमच्याकडे सोपविले. दर रविवारी सकाळी या दवाखान्यात आम्ही बसतो, एवढाच आमचा अधिकार. परंतु देणगीदाराच्या औदार्यास होकार वा नकार देण्यापूर्वी हे यंत्र काय आहे व काय नाही, हे आपणांसमोर ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

लेसर म्हणजे एका विशिष्ट रीतीने निर्माण केलेला प्रकाश. साध्या दिव्याचा प्रकाश नाना रंगांचा असतो आणि चहूकडे पसरतो. लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असून एका दिशेने, जणू पावले जुळवून चालतो. त्यामुळे तो टाचणीच्या टोकाएवढ्या जागी एकवटता येतो. यामागील तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. ते प्रत्यक्षात उतरावयास १९६० साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसरकिरण काढला.

दंतवैद्यांची नजर या किरणाकडे लागलीच वळली, आणि त्यास कारण होते. दाताचे वरचे कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा. तो कोरण्यासाठी १९५७ साली वाऱ्याच्या दाबावर चालणारे, मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणारे यंत्र आले. काम झटपट होऊ लागले. परंतु त्याची ती किंकाळी! आपल्यापैकी कित्येकांनी केवळ त्या आवाजाच्या धास्तीने दात किडू दिले आहेत, हे आम्ही खुर्चीपाशी उभे राहून पाहिले आहे. आवाज नाही, कंप नाही, स्पर्शही नाही, असे काही मिळाले तर कोणास नको आहे?

१९६५ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी आपल्या सख्ख्या भावाच्या दातावर माणकाच्या लेसरचा प्रयोग केला. भाऊ स्वतः दंतवैद्य होता. म्हणजे लेसरचा पहिला दंतवैद्य दंतवैद्य नव्हता आणि पहिला रोगी मात्र दंतवैद्य होता, अशी ही गंमत. भावास वेदना झाली नाही, दाताचा वरचा पापुद्रा तेवढा दुखावला. पण पुढे अडचण उभी राहिली ती उष्णतेची. दाताच्या गाभ्यात मज्जा असते. तिलाच आपण घरी दाताची नस म्हणतो. ही मज्जा मोठी नाजूक. त्याच १९६५ साली माकडांवरील प्रयोगांतून दिसून आले की, मज्जेचे तापमान अवघ्या साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तरी काही दातांतील मज्जा कायमची मरते. माणकाचा किरण एनॅमल वितळवी खरा, पण आतली नस भाजून निघे. त्यामुळे दात कोरण्याचे ते स्वप्न बराच काळ बासनात राहिले.

मध्यंतरी एक महत्त्वाची गोष्ट घडली आणि तिचा धागा आपल्या मुलखाशी जुळतो. बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले कुमार पटेल हे पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. तेथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. त्याचा किरण डोळ्यांस दिसत नाही; पाणी त्यास तत्काळ शोषून घेते. हिरड्या, जीभ, गालाचे अस्तर ही सारी पाण्याने भरलेली. म्हणून हा किरण मऊ मांस कापतो आणि कापता कापता बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे मिटवितो. शस्त्रवैद्यांच्या हाती एक नवी सुरी आली, तिचे उगमस्थान शोधू गेल्यास एक वाट बारामतीस येते. आमच्या मते शाळेच्या पुस्तकांतून ही गोष्ट मुलांस सांगावयास हवी.

दात कोरण्याचे कोडे सुटले ते एर्बियम या धातूच्या लेसरने. एर्बियमच्या किरणाची तरंगलांबी पाण्याच्या शोषणाशी इतकी अचूक जुळते की, दातात अडकलेले सूक्ष्म पाणी क्षणार्धात वाफ होऊन फुटते आणि आजूबाजूचा खनिजाचा कण उडवून देते. दात जळत नाही, त्याचे कण उडतात. किडलेल्या भागात पाणी अधिक, म्हणून तो भाग आधी जातो. वरून पाण्याचा फवारा सतत चालू असल्याने मज्जा थंड राहते. किंकाळीच्या जागी लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली या कामास संमती दिली. कित्येक रोग्यांस, विशेषतः मुलांस, भुलीची सुई न टोचता काम उरकता येते. कित्येकांस म्हणतो, सर्वांस नव्हे.

येथवर ऐकून आपण म्हणाल, मग विलंब कसला? यंत्र आणावे! परंतु एक लेसर सर्व कामे करीत नाही, ही गोष्ट जाहिरातींतून कोठेही सांगितली जात नाही. एर्बियम कोरतो, पण रक्त थांबविण्यात उणा पडतो. हल्ली शहरांतील दवाखान्यांत सर्रास दिसतो तो डायोड लेसर. त्याचा किरण रक्तातील व त्वचेतील रंगद्रव्य शोषते, म्हणून तो हिरडीच्या कामास उत्तम. दात कोरण्यास निरुपयोगी. आपल्या देणगीच्या रकमेत जे यंत्र बसते ते हेच डायोडचे होय. गेल्या सभेत ज्या कल्पनेस टाळ्या पडल्या, ती ‘ड्रिलशिवाय दात’ ही कल्पना त्याने साधणारी नाही. शिवाय एर्बियम घेतला तरी ड्रिल अडगळीत टाकता येत नाही. दातात जुनी चांदी भरलेली असेल तर ती लेसरने काढू नये. तिच्यात पारा असतो. टोपी बसविण्यासाठी दात घासावयाचा तर जुनेच यंत्र लागते. आणि किरण अदृश्य असल्याने वैद्य, मदतनीस व रोगी या तिघांनीही त्या त्या तरंगलांबीचा चष्मा लावावाच लागतो. डायोडचा किरण थेट डोळ्याच्या पडद्यावर आघात करतो.

दात पांढरे करण्याच्या लेसरविषयी एकच सांगतो. पांढरेपणा आणते ते औषध. दिव्याचा वाटा नगण्य. हिरड्यांच्या काळेपणाविषयी मात्र थोडे थांबावयास हवे. लग्न जुळत आलेल्या मुलींना घेऊन आया आमच्याकडे येतात आणि ‘हिरड्या गुलाबी करून द्या’ म्हणतात. आपल्या लोकांच्या हिरड्या सावळ्या असणे हा रोग नव्हे. त्वचेत जे रंगद्रव्य तेच तेथे. लेसरने ते काढता येते आणि काही काळाने ते पुष्कळदा परतही येते. ज्या घरास सुनेची हिरडी पाहून निर्णय करावयाचा आहे, त्या घराविषयी मुलीच्या आईनेच दोनदा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे जड जाते.

आमच्या एक मावशी होत्या. आयुष्यभर मशेरी लावीत. भाजलेली तंबाखू बोटाने दातांस व हिरडीस चोळावयाची ही सवय आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्या बायकांत होती व अजूनही आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मावशींच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. दुखत नव्हता. त्यांनी आम्हांस दूरध्वनीवर विचारले. आम्ही कामाच्या गडबडीत होतो, म्हणालो, “लेसरने काढून घ्या, मावशी, हल्ली फार सोपे झाले आहे.” त्यांनी आपल्या गावाजवळच्या एका दवाखान्यात तो काढून घेतला. टाका नाही, रक्त नाही, अर्ध्या तासात घरी. सर्वांनी लेसरचे कौतुक केले, आम्हीही केले. चट्ट्याचा तुकडा तपासणीस पाठविला का, हे आम्ही विचारले नाही. पाठविण्यास काही उरलेच नव्हते; किरणाने तो सारा वाफ करून टाकला होता.

सात महिन्यांनी त्याच जागी गाठ आली. या वेळी तुकडा तपासला गेला. कर्करोग होता आणि मानेतील गाठींपर्यंत गेला होता. निम्मा जबडा काढावा लागला. त्यानंतर त्या दोन वर्षे होत्या. आधी तपासणी झाली असती तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. वेळीच कळले असते, इतकेच म्हणता येईल. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. शेवटच्या काळात किरणोपचाराने त्यांचे तोंड आतून सोलून निघाले होते. तोंड असे येऊ नये म्हणून सौम्य लेसरचा उपयोग होतो व तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी तो मान्य केला आहे, हे आम्हांस नंतर वाचावयास मिळाले. ज्या किरणाने पुरावा पुसला, तोच योग्य जागी असता तर त्यांस घोटभर पेज गिळता आली असती.

म्हणून कार्यकारी मंडळास आम्ही लेखी कळविले आहे ते असे. देणगीदारांची अनुमती असल्यास ही रक्कम प्रथम ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाच्या मुखतपासणीकडे वळवावी आणि संशयास्पद चट्ट्याचा वा व्रणाचा तुकडा काढून तपासण्याचा खर्च मंडळाने उचलावा. उरलेल्या रकमेचे व्याज साठू द्यावे; पुढे डायोड घ्यावयाचा तर अवश्य घ्यावा. मात्र तुकडा तपासून झाल्याखेरीज आपल्या दवाखान्यात कोणताही चट्टा लेसरने जाळावयाचा नाही, हा नियम यंत्र येण्यापूर्वीच वहीत लिहिलेला असावा. देणगीदार गृहस्थांशी आमचे बोलणे झाले. ते प्रथम थोडे खट्टू झाले. मग त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव तपासणीच्या यादीत पहिले लिहावयास सांगितले. त्याही मशेरी लावतात.

उद्या सकाळी नऊपासून याच सभागृहाच्या मागील खोलीत आम्ही व आमचे दोन तरुण सहकारी बसणार आहोत. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नाही अशी तक्रार असेल, त्यांनी यावे. तंबाखू, गुटखा, सुपारी वा मशेरी यांपैकी काही घेणाऱ्यांनी तक्रार नसली तरी यावे. घरातील आजी, मावशी, काकू ‘मला काही होत नाही’ म्हणतील. त्यांस हात धरून आणावे. कवळी असल्यास ती काढून, धुऊन, डबीत घालून बरोबर आणावी.